हेलिकॉप्टरची तोफ आणि उडतं लक्ष्य: नेम चुकतो तो नक्की कुठे?

वातचक्र

मार्च २०२४ मध्ये लाल समुद्रावर फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरने हूथींचं एक ड्रोन दारातल्या मशीनगनने पाडलं. ती चित्रफीत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. युक्रेनमध्येही हेलिकॉप्टरं शाहेद ड्रोनच्या मागे लागून त्यांना गोळ्या घालत आहेत. तरीही या विषयावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हेलिकॉप्टरची तोफ जमिनीवरच्या लक्ष्यासाठी असते, हवेत तिचा नेम लागत नाही." मी हेलिकॉप्टरच्या शस्त्रविभागात बरीच वर्षं काम केलंय. हे वाक्य मला पटत नाही, कारण ते सगळा दोष तोफेच्या माथी मारून मोकळं होतं.

एक साधा हिशोब मांडतो. अमेरिकन अपाची हेलिकॉप्टरच्या एम-२३० तोफेचा ३० मिमी गोळा नळीतून सेकंदाला सुमारे ८०५ मीटर वेगाने सुटतो. हवेच्या विरोधाने वेग झपाट्याने उतरतो, म्हणून १००० मीटरपर्यंतचा सरासरी वेग ६०० धरू. गोळ्याला पोचायला १.६७ सेकंद लागले. शाहेद-१३६ साधारण ताशी १८० किमीने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने उडतं. ते आडवं जात असेल, तर गोळा पोचेपर्यंत ८३ मीटर पुढे गेलेलं असणार. म्हणजे नेम ड्रोनवर धरायचाच नाही, त्याच्या पुढच्या ८३ मीटरवरच्या रिकाम्या आकाशात धरायचा. त्याच वेळात गोळा गुरुत्वाकर्षणाने १३-१४ मीटर खाली येतो, तेवढी नळी वर हवी.

आता त्या ८३ मीटरमध्ये फक्त तीन टक्के चूक होऊ द्या. अडीच मीटर झाले. शाहेदच्या पंखांचा पसारासुद्धा अडीच मीटरच आहे. तोफ कितीही उत्तम असो, लक्ष्याचा वेग किंवा अंतर तीन टक्क्यांनी चुकलं की फैर वाया. माझं म्हणणं एवढंच, की इथे नेम सुधारायचा म्हणजे नळी सुधारणं नव्हे, अंदाज सुधारणं. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही वाचायला आवडतील.

मेघना_व

छान धागा. एक प्राथमिक शंका विचारते. अपाचीत पायलट जिकडे बघतो तिकडे तोफ वळते ना? मग तो ड्रोनकडे बघत राहिला तर तोफ त्याच्यावर रोखलेलीच राहील. अडचण कुठे येते?

वातचक्र

मेघनाताई, शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे. हेल्मेट साइट, म्हणजे पायलटची नजर टिपणारं हेल्मेटवरचं यंत्र, सांगते ती लक्ष्याची आत्ताची दिशा. अंतर किती, लक्ष्य कुठल्या दिशेला किती वेगाने चाललंय, हे ती स्वतःहून सांगत नाही. ते लेसर रेंजफाइंडरने किंवा रडारने मोजायचं, मग फायर कंट्रोल कॉम्प्युटरने तोफ नजरेपासून बाजूला काढून पुढच्या बिंदूवर न्यायची. शिवाय कंप पावणाऱ्या कॉकपिटमध्ये माणसाचं डोकं स्थिर नसतं. रणगाड्याच्या आकाराच्या लक्ष्याला ते चालून जातं. ड्रोनला नाही चालत. नाकावरच्या टॅड्स कॅमेऱ्याने लक्ष्य धरलं, म्हणजे जायरोवर तोललेल्या भिंगाने त्याचा मागोवा घेतला, की कोनाचा वेग कितीतरी स्वच्छ मिळतो.

जुना गोलंदाज

मी विमानविरोधी तोफेवर होतो, हेलिकॉप्टरवर नाही. पण दुखणं एकच, म्हणून लिहितो.

आमच्या सरावात विमानामागे लांब दोरीला कापडी स्लीव्ह बांधून ओढायचे आणि आम्ही तिच्यावर ट्रेसर, म्हणजे जळत जाऊन आपली वाट दाखवणारे गोळे, मारायचो. नव्या पोरांची प्रत्येक फैर मागे जायची. प्रत्येक. आणि तोफेवरून उतरल्यावर पोरगा छातीठोकपणे सांगायचा, "सर, ट्रेसर स्लीव्हवरूनच गेली, मी बघितली." तो खोटं बोलत नसायचा. ट्रेसरची लाल रेघ स्लीव्हला ओलांडताना त्याला दिसायची खरी, पण त्या क्षणी गोळा स्लीव्हच्या अंतरावर पोचलेलाच नसायचा. तो तिथे पोचेपर्यंत स्लीव्ह पुढे सरकलेली. एका डोळ्याच्या जागेवरून अंतराची खोली कळत नाही, म्हणून ट्रेसर बघून नेम सुधारणारा माणूस पुष्कळदा उलट बिघडवतो. हे मला पटायला दोन वर्षं लागली.

इतिहासात याचं सर्वांत मोठं उत्तर १९४४ च्या उन्हाळ्यात मिळालं. जर्मनांचे व्ही-१ हे उडते बाँब ताशी ६४० किमीच्या आसपास, सरळ रेषेत, एकाच उंचीवर इंग्लंडवर यायचे. सुरुवातीला तोफांच्या हाती फारसं काही लागेना. मग तीन गोष्टी एकत्र आल्या: एससीआर-५८४ रडार, एम-९ हा गणिती प्रेडिक्टर, आणि लक्ष्याजवळ गेल्यावर आपोआप फुटणारा प्रॉक्सिमिटी फ्यूज. रडारने अंतर मोजलं, प्रेडिक्टरने पुढचा बिंदू काढला, आणि उरलेली चूक फ्यूजने पोटात घातली. त्यानंतर चित्रच पालटलं. तो फ्यूज लढाईत पहिल्यांदा वापरला गेला ५ जानेवारी १९४३ ला, प्रशांत महासागरात, अमेरिकेच्या हेलेना या युद्धनौकेवरून. आजचं शाहेद म्हणजे तोच सरळ उडणारा व्ही-१, फक्त पाव वेगाचा आणि आकाराने पुष्कळ लहान.

सागर_पायदळ

काका, जबरदस्त माहिती. पण जमिनीवरची तोफ स्थिर असते. हेलिकॉप्टर स्वतः उडतंय. त्याचं काय?

वातचक्र

गोलंदाज काका, ट्रेसरचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्याकडेही "ट्रेसरच्या मागे धावू नकोस" हेच सांगावं लागायचं.

सागर, खरी गोम तिथेच आहे. हेलिकॉप्टर १३० नॉट्सने, म्हणजे सेकंदाला ६७ मीटरने पुढे चाललंय आणि तोफ काटकोनात उजवीकडे रोखलीय असं समज. गोळा सुटतो तेव्हा त्याच्या अंगात हेलिकॉप्टरचा पुढचा वेगही असतो. ८०५ आणि ६७ यांची बेरीज केली की गोळा नळीच्या रोखापासून पावणेपाच अंशांनी पुढे झुकून निघतो. १००० मीटरवर हा फरक पुन्हा ८३ मीटर. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बाँबफेकी विमानाच्या बाजूच्या खिडकीतल्या गनर्सना हेच घोकून घ्यायला लागायचं: चाल करून येणाऱ्या लढाऊ विमानाच्या पुढे नव्हे, त्याच्या आणि आपल्या शेपटीच्या मधे नेम धर. जमिनीवर शिकलेल्या शिकाऱ्याच्या हाताला हे उलटं वाटतं.

याच्या पलीकडे एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. बाजूला झाडलेल्या गोळ्याला नळीतून बाहेर येताक्षणी आडवा वारा लागतो. गोळा स्वतःभोवती फिरत असतो, म्हणून भोवऱ्यासारखा तो वाऱ्याच्या दिशेने न कलता काटकोनात कलतो. नळीच्या आतल्या, गोळ्याला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ उजवा असेल तर उजव्या बाजूला झाडलेला गोळा थोडा खाली जातो, डावीकडे झाडलेला थोडा वर. कॉम्प्युटरच्या गणितात हे नसेल तर एका बाजूला छान लागणारी तोफ दुसऱ्या बाजूला बिघडल्यासारखी वाटते आणि मेकॅनिक बिचारा नळी तपासत बसतो. मी बसलोय.

ऋजुता_यंत्र

मी यांत्रिक कंपनांवर काम करते, म्हणून त्या बाजूने भर घालते.

अपाचीचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण २९० फेरे घेतो आणि त्याला चार पाती आहेत. म्हणजे सांगाड्याला सेकंदाला १९ च्या आसपास धक्के कायम बसत असतात. तोफ मिनिटाला सुमारे ६२५ गोळे टाकते, म्हणजे सेकंदाला १० पेक्षा थोडे जास्त मागचे धक्के. आणि हे सगळं नाकाखाली टांगलेल्या टरेटवर, म्हणजे तोफ फिरवणाऱ्या बैठकीवर. टरेटची मोटर, गिअरमधला सैलपणा, तिला धरणारा पातळ सांगाडा, सगळं थोडंथोडं लवतं. पहिला गोळा जिथे जातो तिथे पाचवा जात नाही. त्यामुळे टरेटचा कंट्रोल नुसता "सांगितलेल्या कोनात जाऊन थांब" असा असून भागत नाही. पुढचा धक्का केव्हा येणार हे माहीत असतं, तर तो येण्याआधीच त्याच्या विरुद्ध जोर लावता आला पाहिजे.

रशियन डिझायनरांनी का-५० मध्ये वेगळा मार्ग धरला. २ए४२ ही जड तोफ त्यांनी नाकाखाली न ठेवता धडाच्या बाजूला, गुरुत्वमध्याजवळ बसवली. तिला स्वतःची हालचाल थोडीच, मोठा रोख बदलायचा तर अख्खं हेलिकॉप्टर वळवायचं. धक्का मजबूत सांगाड्यात मुरतो, म्हणून विखुरणं कमी. एमआय-२४पी वर तर दुनळी ३० मिमी तोफ सरळ बाजूला पक्की ठोकलेली आहे. गल्फ युद्धात ६ फेब्रुवारी १९९१ ला ए-१० विमानाने तोफेने इराकी हेलिकॉप्टर पाडलं, तीही नाकात पक्की बसवलेलीच तोफ.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. अपाचीची तोफ खाली ६० अंश झुकते, पण वर फक्त ११ अंश जाते. तिची सगळी रचना खालच्या जगासाठी आहे. लक्ष्य थोडं वर असलं की नाक उचलावं लागतं, नाक उचललं की वेग तुटतो.

अनिकेत_७

मला एक कळत नाही. हवेतून हवेत मारणारी क्षेपणास्त्रं आहेत की. युरोपच्या टायगर हेलिकॉप्टरवर, आपल्या प्रचंडवर मिस्ट्राल आहे, अपाचीला स्टिंगर लावता येतात. मग तोफेच्या नेमावर इतकी डोकेफोड का करायची?

जुना गोलंदाज

अनिकेत, प्रश्न रास्त आहे. पण शत्रू एका रात्रीत थव्याने स्वस्त ड्रोन सोडतो आणि हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्रं असतात मोजून चार. अपाचीत तोफेचे १२०० पर्यंत गोळे बसतात. दुसरं, छोट्या पिस्टन इंजिनाची उष्णता कमी, तिच्यावर उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राची पकड दुरून बसेलच असं नाही. तोफेला त्याचं काही नाही.

फक्त एक पथ्य. न लागलेला गोळा कुठेतरी खाली पडतोच. वस्तीवर फैर झाडायची नाही, हे नेमाच्या आधी येतं.

सागर_पायदळ

मग एक सरळ उपाय सुचतो. नेम थोडा चुकतोच आहे, तर फैर मुद्दाम पसरवायची. दहातला एक तरी लागेल.

क्ले_शूटर

सागर, मी गेली बारा वर्षं क्ले शूटिंग, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकडीवर छर्र्याच्या बंदुकीने नेमबाजी, करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या हाताखालचा आहे. आमच्याकडे छर्रे पसरतातच. पण नवशिक्याला वाटतं पसरल्याने चूक झाकली जाते. नाही झाकली जात. तबकडी सुटते, तो तिच्यावर बंदूक आणतो, आणि चाप ओढताना बंदूक क्षणभर थांबवतो. झालं, अख्खा छर्र्यांचा ढग तबकडीच्या मागे. ढग रुंद असला तरी आख्खाच चुकीच्या जागी. मी शिकवताना बंदुकीकडे बघतच नाही. मागे उभी राहून शिकणाऱ्याचा उजवा खांदा बघते. चाप ओढल्यावरही खांदा फिरत राहिला तर तबकडी फुटते.

वातचक्र

क्ले_शूटर ताई, खांद्याचं उदाहरण अगदी चपखल. तेच आकड्यात सांगतो.

समजा एका गोळ्याची लागायची शक्यता पाच टक्के आहे, आणि प्रत्येक गोळा आपापल्या नशिबाने इकडेतिकडे जातो. मग दहा गोळ्यांत किमान एक लागायची शक्यता होते ४० टक्के. ही बेरीज छान दिसते. पण ती तेव्हाच खरी, जेव्हा प्रत्येक गोळ्याची चूक वेगळी असते. लक्ष्याचा वेगच चुकीचा धरला असेल, तर दहाही गोळ्यांची चूक एकच. दहाही एकाच रिकाम्या जागेतून जाणार. शंभर टाकलेत तरी तेच.

म्हणून क्रम असा: आधी फैरीला सामायिक असलेली चूक घटवायची. ती उरेल तेवढ्याच मापाचा पसरटपणा कामाचा. सामायिक चूक चार मीटरची आणि फैर एका मीटरात गोळा झालेली, हे वाईटच. आणि सामायिक चूक अर्ध्या मीटरवर आणली, तर चार मीटर पसरलेली फैर म्हणजे दारूगोळ्याची नासाडी. तोफ जास्त अचूक केली की नेम आपोआप सुधारतो असं जे समजतात, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

सामायिक चूक घटवायला सुरुवात होते जमिनीवर. नळीत भिंग बसवून दूरच्या फळ्यावरची खूण बघायची, कॅमेऱ्याचा मध्य तिच्याशी जुळवायचा, हेल्मेट साइट जुळवायची. तिघांचं एकमत झालं पाहिजे. मी एकदा सकाळी अगदी केसावर जुळवलेली तोफ दुपारी फळ्यावरून घसरलेली पाहिलीय. कोणी हात लावला नव्हता. ऊन लागून एका बाजूचा सांगाडा तापला होता, बस्स. तेव्हापासून मी थंड आणि तापलेल्या दोन्ही अवस्थांत जुळणी बघितल्याशिवाय सही केली नाही.

ऋजुता_यंत्र

अंतर मोजण्याबद्दलही लिहा ना. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा तोच.

वातचक्र

खरंय. लेसरचा झोत अडीच मीटरच्या हलत्या वस्तूवर टिकवणं आधीच अवघड, आणि त्यातून अंतरच मिळतं, वेग वजाबाकीने काढावा लागतो. दोन वाचनांत प्रत्येकी पाच मीटरची चूक असेल आणि मधे एक सेकंद असेल, तर वेग दहा मीटरने चुकू शकतो. ५० मध्ये १०! म्हणून सुटी वाचनं वापरायची नसतात. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेला फिल्टर, म्हणजे वाचनं गाळून अंदाज काढणारी गणिती रीत, इथे कामी येतो. नव्या वाचनावर किती भरवसा ठेवायचा आणि जुन्या अंदाजावर किती, हे तो दर वेळी तोलतो. रडारला डॉप्लरमुळे, म्हणजे परतणाऱ्या लहरींची कंप्रता बदलते त्यावरून, जवळ येण्याचा वेग थेट कळतो, त्यामुळे अपाचीवरच्या लाँगबो रडारसारखं काही असेल तर पायाच पक्का होतो.

पण लक्ष्य वळलं तर? ते वळण गुरुत्वाएवढ्या त्वरणाचं, म्हणजे एका जीचं असेल, तर १.६७ सेकंदात ते सरळ रेषेपासून १३-१४ मीटर बाजूला जातं. गुरुत्वाने गोळा जेवढा पडला, बरोबर तेवढंच. कुठलाही फिल्टर शत्रूच्या मनातलं सांगत नाही. इथे औषध एकच, गोळ्याचा प्रवासाचा वेळ कमी करा. वेळ निम्मा झाला की ही चूक पाव होते. जहाजावरची फॅलान्क्स तोफ आणखी एक युक्ती करते. तिचं रडार लक्ष्याबरोबर स्वतःच्या गोळ्यांवरही नजर ठेवतं आणि फरक भरून काढतं. काकांची "ट्रेसर बघून नेम सुधार" हीच कल्पना, फक्त डोळ्याऐवजी अंतर कळणारं यंत्र. हेलिकॉप्टरवर एवढं रडार आणि वजन वाहणं कठीण, म्हणून मला प्रॉक्सिमिटी फ्यूजचा ३० मिमी गोळा जास्त जवळचा मार्ग वाटतो. एम-२३० च्या जातीच्या तोफांसाठी तसे गोळे आता तयार झालेत. दोन मीटरवरून जाणारा गोळाही मग फुकट जात नाही.

मेघना_व

सगळं वाचलं. एक अडलंय. आकडे इतके नाजूक आहेत, तर सुरुवातीच्या लेखातल्या फ्रेंच हेलिकॉप्टरला साध्या मशीनगनने कसं जमलं? दारातल्या माणसाकडे ना रडार, ना काल्मन.

वातचक्र

मेघनाताई, त्या घटनेचा तपशील माझ्यासमोर नाही, पण असं जमतं कसं याचं गणित सुंदर आहे. ड्रोनला समांतर, त्याच्याच वेगाने उडा. ड्रोन पुढे जाणार म्हणून नेम पुढे हवा, आणि गोळ्याच्या अंगात आपला वेग आहे म्हणून तो आधीच पुढे झुकतो. दोन्ही ८३ मीटरवाले राक्षस एकमेकांना खातात. हवेच्या विरोधामुळे गोळ्याला जो थोडा उशीर होतो, तेवढीच चूक उरते.

३० मिमीचेच आकडे घेतो. दोघंही सेकंदाला ५० मीटरने समांतर, अंतर १५० मीटर. गोळ्याला लागतात सुमारे ०.१९४ सेकंद. तेवढ्यात ड्रोन ९.७ मीटर पुढे, गोळा ९.३ मीटर पुढे. फरक फक्त ४० सेंटीमीटर.

जुना गोलंदाज

वा! पण वातचक्र, शाहेदच्या पोटात ४०-५० किलो स्फोटकाचं डोकं असतं. दीडशे मीटरवर ते फुटलं तर तुकडे आपल्याच अंगावर. निदान दुप्पट लांब राहायला हवं.

वातचक्र

बरोबर, काका. ३०० मीटर घेऊ. सरासरी वेग ७४० धरला तर ०.४०५ सेकंद. ड्रोन २०.३ मीटर पुढे, गोळा १८.६. फरक १.७ मीटर. शाहेदची लांबी साडेतीन मीटर. म्हणजे मध्यावर नेम धरला तर गोळा शेपटीशी जातो, नाकावर धरला तर बरोबर मध्यात बसतो.